तुटक वाचन

शैला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची निधनवार्ता पेपरात आली, आणि ती लोकांना वाचून दाखवायचं काम अनंतरावांवर आलं. घरात दुसरं वाचणारं कोणी उरलं नव्हतं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून शैला रोज सकाळी इंटरनेटवरून पेपर वाचायची. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी. चारुताने, म्हणजे त्यांच्या मुलीने, पुण्याहून एक साधी वेबसाइट तयार करून दिली होती. ऐकणाऱ्याने मोबाइलवर ती उघडली की शहराच्या कडेला पडेगावच्या घरात शैला जे बोलेल ते त्याच्या कानात जायचं. आवाज घुमू नये म्हणून ती कपाटाचं दार उघडून साड्यांकडे तोंड करून बसायची. सुरुवात निधनवार्तांनी. खेड्यातल्या लोकांना आधी तेच हवं असतं, कुठे जायचं आहे, कुणाच्या दारात बसायचं आहे. मग बाकीचा पेपर. काही गाळायची नाही. "आपण निवडणारे कोण?" म्हणायची. आणि वाचलेलं साठवून ठेवायची नाही. शिळा पेपर कोण ऐकतं, हे तिचं म्हणणं. त्यामुळे ती गेल्यावर तिच्या आवाजाचा एक तुकडाही मागे राहिला नाही.

त्या सकाळी अनंतराव कपाटासमोर बसले. "सौ. शैला अनंत परतूरकर यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पती, मुलगी, जावई असा परिवार आहे." एवढं वाचून ते थांबले नाहीत, कारण खाली अजून चार नावं होती आणि त्या नावांचीही कुठे तरी कोणी तरी वाट बघत असणार. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बसले. मग रोज.

पण माणसं कमी होत गेली. किती जण ऐकत आहेत ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायचं. शैलाच्या वेळी चाळीसच्या आसपास आकडा असे. दोन महिन्यांनी तो हाताच्या बोटांवर आला. कधी कोणी यायचं आणि मिनिटभरात निघून जायचं. अनंतरावांना कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. सगळी नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात गेलेली, आवाज नाकातला. शैला त्यांना म्हणायची, "तुम्ही पेपर वाचता की पंचनामा करता?" त्यांनी मध घेऊन पाहिला, शैलासारखं सावकाश वाचून पाहिलं. आकडा हलेना.

शेवटी त्यांनी जाहीर केलं. "मंडळी, येत्या शनिवारी हे वाचन बंद करायचं ठरवलं आहे. कोणाला काही म्हणायचं असेल तर फोन करावा." नंबरही दोनदा सांगितला. ओळीने तीन सकाळी हेच सांगितलं. एकही फोन आला नाही. अनंतरावांनी मनात म्हटलं, झालं, लोकांनी उत्तर दिलं.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. फर्दापूरहून फकिरा. फकिराला जन्मापासून दिसत नाही. तो आणि त्याची बायको गीताबाई, दोघांची लेण्यांच्या रस्त्यावर चहाची टपरी आहे. सकाळी शैलाचं वाचन ऐकायचं आणि दिवसभर गिऱ्हाइकांना बातम्या सांगायच्या, हा त्याचा शिरस्ता. गावात त्याला 'आंधळ्याचा पेपर' म्हणत आणि तो स्वतःच ते सगळ्यांना हसत सांगे.

"साहेब, रागावू नका," फकिरा म्हणाला. "बसच्या टायमाचं काय छापून आलंय का? लोक मला इचारतात, अन् मला ठाऊक नाय."

"सोमवारीच वाचलं की मी. ऐकलं नाहीस का?"

"नाय ऐकू आलं, साहेब. दोन शब्द येतेत अन् थांबतंय. मग अजून एक शब्द. मग काहीच नाय. गीता म्हणते चकरी फिरती नुसती."

"कधीपासून?"

"बाई गेल्या तव्हापासूनच म्हणा की."

"मग इतके दिवस फोन का नाही केलास?"

"कसा करणार?" फकिराचा आवाज खाली गेला. "आमाला वाटलं तुमचा गळा दाटून येतोय. वाचता वाचता थांबता, परत धरता, परत थांबता. आमी समदे तेच बोललो. म्हटलं माणूस बायकोच्या जागेवर बसून वाचतोय, त्याला काय इचारायचं, 'का हो थांबता' म्हणून? गीता तर म्हणाली, बंद करा तो फोन, असं कुणाचं रडणं ऐकू नये."

अनंतराव खुर्चीत बसले. ते एकदाही थांबले नव्हते. या दोन महिन्यांत वाचताना एकदाही त्यांचा गळा दाटला नव्हता, आणि त्याची त्यांना मनातून थोडी लाजही वाटत होती.

चारुताने पुण्यातून वेबसाइट तपासली. सगळं ठीक. अनंतरावांच्या घरच्या लाइनवरही स्वच्छ ऐकू यायचं. "बाबा, ऐकणाऱ्याच्या बाजूला काही तरी आहे," ती म्हणाली. मग शुक्रवारी पेपर वाचून झाल्यावर अनंतराव एसटीने फर्दापूरला गेले.

टपरीवर गीताबाईंनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग मोबाइल पुढे केला. चारुताने तपासण्यापुरतं सकाळचं वाचन साठवून पुण्यातून वेबसाइटवर परत सोडलं होतं. अनंतरावांनी स्वतःला ऐकलं. "सिल्लोड तालुक्यातील..." आणि गप्प. चकरी. "...यांचे..." पुन्हा गप्प. खरंच, रडणाऱ्या माणसासारखं. आपला आवाज परक्यासारखा ऐकताना त्यांना त्या माणसाची कीव आली.

बाकावर बसलेल्या एका टॅक्सीवाल्याने त्याच मोबाइलवर नाचगाण्याचा व्हिडिओ लावून दाखवला. पाण्यासारखा चालला. "नेट तर बराबर आहे ना काका," तो म्हणाला. "तुमचीच गाडी पंचर दिसते."

"नेट कुणाचं आहे?"

"त्रिवेगचं," गीताबाई म्हणाल्या. "बाई गेल्या त्याच टायमाला आले गावात. स्वस्तात देतेत. समद्यांनी घेतलं."

चारुताने फोनवर समजावून सांगितलं ते अनंतरावांना दोनदा ऐकावं लागलं. त्रिवेग कंपनी आपल्या तारेतून जाणाऱ्या गोष्टींची रांग लावत होती. कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप आणि ज्यांनी कंपनीशी करार केला आहे ते पुढे. बाकीचे मागे, आणि गर्दी असली की मागचे थांबून. आणि गर्दी तर दिवसभर असतेच. "असं करायचं नाही असा आपल्याकडे नियम आहे, बाबा. तार ज्याची आहे त्याने आतून काय जातंय ते बघून भेद करायचा नाही. पण कंपनी म्हणते आम्ही काही बंद केलेलं नाही, फक्त वाहतूक सांभाळतो. आणि तक्रार कोण करणार? चहावाला?"

"मी करतो," अनंतराव म्हणाले.

शनिवार आला. त्यांनी वाचन बंद केलं नाही. त्याबद्दल काही जाहीरही केलं नाही; पहिलं जाहीर केलेलं तरी कुणी ऐकलं होतं?

सोमवारी ते त्रिवेगच्या शहागंजातल्या ऑफिसात गेले. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, एसी गार. तिथला व्यवस्थापक आकाश तिशीचा, बोलायला गोड. त्याने सगळं मन लावून ऐकलं. शैलाचं नाव निघालं तेव्हा त्याने हात जोडले.

"काका, मैं सच बोलू? तुमच्यावर कुणाचा डोळा नाही. सिस्टमला तुम्ही कोण ते माहीतच नाही. अनोळखी आवाज म्हणून मागे टाकते."

"मग ओळख करून द्या."

"तेच म्हणतोय मी!" आकाश पुढे सरकला. "आमच्या अ‍ॅपवर या. एक रुपया नको. तुमचं वाचन सगळ्यात पुढे जाईल, फर्दापूर काय, पार सोयगावपर्यंत कडक ऐकू येईल. आणि नाव देऊ या, 'शैलाताई परतूरकर स्मृती वाचन'. त्यांचा फोटो. कसं वाटतं?"

अनंतरावांनी ते नाव मनात म्हणून पाहिलं. शैलाचा आवाज राहिला नव्हता, निदान नाव रोज सकाळी शंभर घरांत जाईल. इतके दिवस तिच्यासाठी काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं आणि हा मुलगा ते ताटात वाढून देत होता.

"फक्त एवढं," आकाशने एक कागद पुढे केला. "दिल्लीतल्या नियामक मंडळाने या रांगेच्या विषयावर लोकांची मतं मागवली आहेत. तुमच्यासारख्या माणसाचं मत गेलं तर वजन पडतं. घरी नेऊन वाचा. घाई नाही."

कागदावर लिहिलं होतं की अशा व्यवस्थेचा लहान, समाजोपयोगी सेवांना फायदाच होतो, असा माझा अनुभव आहे. खाली सहीची जागा.

चारुता फोनवर चिडली. "बाबा, ज्यांनी गळा धरला तेच म्हणतात, या, तुमचा तेवढा सोडतो, आणि वर लिहून द्या की गळा धरणं चांगलं असतं."

"तुला बोलायला काय जातं? तुझं नेट चालतं."

"आईने सही केली असती?"

"आईला मध्ये आणू नकोस." अनंतरावांचा आवाज चढला. "तत्त्व वगैरे तुम्ही बघा. मला एवढंच कळतं की सकाळी मी बोललो की ते त्या माणसांना ऐकू गेलं पाहिजे. दोन महिने ते समजतात मी रडतोय."

चारुता हळूच म्हणाली, "मग त्यांनाच विचारा ना. ऐकणारे ते आहेत."

हे बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी अनंतराव आधी भामाबाईंकडे गेले. शैलाच्या जुन्या ऐकणाऱ्या भामाबाई शहागंजात भाजीबाजाराच्या मागे लेकाकडे राहायच्या. साखरेने नजर गेलेली, वय झालेलं, जीभ मात्र धारदार. लेकाने घरी त्रिवेगच घेतलं होतं. अनंतरावांनी सगळं सांगितलं.

"घ्या की मग, भाऊ!" त्या म्हणाल्या. "इचारता काय त्यात? फुकट देतंय पोरगं तर हात आखडता कशाला?"

"पण सही करावी लागेल."

"करा! जन्मभर सह्याच केल्या ना तुमी त्या हापिसात? एक अजून." मग त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या भैनीचा दीर वारला परतूरला. बाई असत्या तर मला त्याच दिशी कळलं असतं. मला आठ दिवसांनी कळलं. लोक म्हणाले भामाबाई आली नाय. मी मरायच्या आत तरी मला ऐकू येऊ द्या, कोण कोण गेलं ते."

अनंतराव घरी आले ते सही करायचं ठरवूनच. कागद टेबलावर ठेवला, चष्मा पुसला. मग वाटलं, फकिराला विचारलंच नाही. विचारलेलं बरं. त्याचं उत्तर काय येणार हे त्यांना ठाऊकच होतं. दुकान त्याचं, बातम्यांवर चालणारं.

फकिराने सगळं ऐकून घेतलं. मागे चहा उकळत होता, गीताबाई कुणाला तरी सुटे मागत होत्या.

"साहेब, तुमी रेल्वेच्या अपंगाच्या डब्यात कधी बसले का?"

"नाही."

"बसून बघा एकदा. डबा आमचा. चढलो की आत धडधाकट मानसं पाय पसरून झोपलेली. म्हटलं उठा, तर म्हणतेत, तुला दिसतंय का रे आमी कोण हाय ते? पोलीस बी त्यातच बसलेला." फकिरा हसला. "देणाऱ्याच्या मनात हाय तवर ती सवलत. उद्या तो पोरगा बदलून गेला, नवा आला, म्हणाला निधनवार्ता नको, लोकांना बोअर होतंय. मग?"

"मग तेव्हा बघू, फकिरा. आज तर ऐकू येईल."

"व्हय. येईल." मागे चहाचं भांडं उतरवल्याचा आवाज आला. "अजून एक सांगू का? रागावणार नाय ना?"

"बोल."

"सिल्लोडच्या विहारातली पोरं संध्याकाळी वंदना लावतेत नेटवर. मी रोज ऐकायचो. दुकान बंद करता करता. ते बी तुमच्यावानीच तुटतंय आता. बुद्धं म्हणतंय अन् सरणं यायला पाच मिनटं. आता त्या पोरांचं काय? त्यांच्यात अजून कोणी वारलेलं नाय. त्यांच्याकडं द्यायला फोटो नाय, नाव नाय. त्यांना कोण पुढं घेणार?"

अनंतरावांनी टेबलावरचा कागद पुन्हा उचलला.

"मी नको म्हणत नाय, साहेब. तुमच्या बाईंचं नाव हाय, तुमचा हक्क हाय. पर त्या कागदावर लिवलंय की सगळ्यांचं बरं चाललंय, असं म्हणलात ना तुमी? ते तेवढं खरं नाय."

अनंतरावांनी फोन ठेवला. रागच आला होता त्यांना, आणि तो फकिराचा नव्हता. शैलाच्या फोटोचा विचार आला तेव्हा त्यांनी बाकी काही विचारलंच नव्हतं. रांगेत पुढे जायला मिळतंय म्हटल्यावर मागे कोण उभं आहे हे त्यांनी वळून पाहिलं नव्हतं. आयुष्यभर कचेरीत टेबलाच्या अलीकडून त्यांनी अशी माणसं पाहिली होती. ओळखीने आत येणारी, काम करून घेणारी, बाहेर बसलेल्यांकडे न बघता जाणारी. ती माणसं वाईट नसत. बहुतेकांच्या घरी काही ना काही अडचण असे.

सही न केलेला कागद घेऊन ते आकाशकडे गेले.

"जमणार नाही," ते म्हणाले.

"काका, नाव आवडलं नाही का? बदलू."

"नाव चांगलं आहे. नावासाठी नाही." अनंतरावांना मोठं बोलता येत नव्हतं. "आम्हाला पुढे घेऊ नका. सगळ्यांना सारखं सोडा. मग आमचंही जाईल."

"वो मेरे हाथ में नहीं है ना, काका. ते वरून येतं." आकाशला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "नुकसान तुमच्याच लोकांचं होतंय. तो चहावाला, त्याच्यासारखे बाकीचे. तुम्ही त्यांचं नुकसान करताय."

"हो," अनंतराव म्हणाले. "ते मला माहीत आहे."

घरी येऊन त्यांनी नियामक मंडळाला आपलं मत लिहिलं. फर्दापूरच्या टपरीवर काय ऐकलं ते लिहिलं, नाचगाणं कसं चाललं ते लिहिलं, विहारातल्या वंदनेचं लिहिलं. स्वतःच्या दुःखाबद्दल काही लिहिलं नाही. चारुताने ते पाठवलं. पोच आली. पुढे काही आलं नाही. कंपनीची रांग होती तशीच राहिली, आणि देशातल्या किती लोकांनी काय काय लिहिलं असेल, त्यात आपला कागद कुठे असेल, याचा विचार अनंतरावांनी सोडून दिला.

भामाबाईंना सांगायला ते स्वतः गेले. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडे केलं. "तुमचं बरं हाय, भाऊ. डोळे तुमचे शाबूत हायत. मोठेपण तुमी करायचं अन् बहिरं आमी व्हायचं."

"सकाळी वाचन झालं की मी तुम्हाला साध्या फोनवर वाचून दाखवीन. रोज."

"नको. उपकार नको." लेकाने काही बोलायला तोंड उघडलं तर त्याच्यावरही खेकसल्या. अनंतराव चहा न घेता उठले. जिना उतरताना त्यांना वाटलं, शैलाने हे जास्त चांगलं सांगितलं असतं. तिने या बाईला नाराज केलं नसतं. की केलं असतं? त्यांना खात्री देता येईना. संसार झाला एवढ्या वर्षांचा, आणि नेमक्या या गोष्टीत तिने काय केलं असतं हे त्यांना सांगता येत नव्हतं. हे कळल्यावर ते जिन्यातच कठडा धरून उभे राहिले. खालून एक हमाल पोतं घेऊन वर येत होता, त्याला वाट द्यावी लागली.

सकाळी त्यांनी कपाटासमोर बसून वाचलं. स्क्रीनवर पाच-सहा जण होते. मग मोबाइल घेऊन फकिराला लावला. त्याने फोन टपरीच्या फळीवर ठेवला आणि निधनवार्ता ऐकता ऐकता मोठ्याने पुढे सांगितल्या. मग भामाबाईंना लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशीही. अनंतराव रोज लावत राहिले. रोज एकदाच, म्हणजे त्रास नको.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी फोन उचलला गेला.

"कोण?"

"मी अनंत परतूरकर. पेपर वाचू का?"

पलीकडे भांड्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा.

"निधनवार्ता आधी," अनंतराव म्हणाले आणि पान उघडलं.

"मेलेले ऱ्हाऊ द्या जरा," भामाबाई म्हणाल्या. आवाज अजून फुगलेलाच होता. "नळाला पाणी कधी हाय आमच्याकडं, ते छापलंय का? सुनेला धुणं काढायचंय."

अनंतरावांनी पान उलटलं आणि शहागंज कुठे आहे ते शोधू लागले.